वडील ७२ वर्षांचे, नागपूरला असतात. मोतीबिंदू पिकेपर्यंत ऑपरेशनला थांबावं का?

नाही, पिकायची वाट बघायची गरज नाही; पेपर वाचताना, जिना उतरताना किंवा रात्री समोरच्या गाडीच्या लाइटने त्रास होत असेल तर आताच दाखवा. ‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातला. आता फेको या नव्या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने डोळ्यातलं धूसर झालेलं भिंग फोडून ओढून घेतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकं हे काम अवघड. अतिच पिकला तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे नेत्र विभाग आहे. जाताना जुना चष्मा आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास सगळं धूसर दिसतं, म्हणून त्यांना एकट्याने स्कूटरवर पाठवू नका (आणि आपल्याकडचं ऊन बघता काळा चष्मा हवाच). मात्र शुगर असेल तर आधी डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या, काचबिंदूसाठी दाबही मोजायला सांगा. पडदा किंवा डोळ्याची नस खराब असेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर पूर्ण परत येत नाही.