नीटच्या शेवटच्या आठवड्यात क्लासच्या ग्रँड टेस्ट द्याव्यात की घरी उजळणी करावी?

क्लासची पूर्ण फी भरलेली असल्यामुळे नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यातील एकही ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण पेपरची सराव परीक्षा, चुकवायची नाही, असे तुमचे वडील म्हणतात आणि तुम्हाला मात्र घरी उजळणी करायची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत विचाराल, तर जाऊ नका. भरलेली फी टेस्ट दिल्याने परत मिळत नाही. शिवाय परीक्षा तोंडावर आलेली असताना रोज गुणांच्या याद्या लावणारे क्लास मुलांपेक्षा कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरवरच्या स्वतःच्या जाहिरात फलकाची तयारी करत असतात, असे मला वाटते.

याच विषयावरून आमच्या घरात पेटलेला वाद अजून मिटलेला नाही. माझी मुलगी नीटला बसली, तेव्हा तिच्या क्लासमध्ये शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी पूर्ण पेपर असे. राजारामपुरीतील अभ्यासिकेतून उशिरा परतायचे, घरी पुन्हा मध्यरात्रीपर्यंत वाचत बसायचे, सकाळी पेपर द्यायचा आणि दुपारी जेवून झोपायचे, असा तिचा क्रम झाला होता. खरी परीक्षा दुपारी दोनला, म्हणजे नेमकी तिच्या झोपेच्या वेळी सुरू होते, याचा विचार क्लासमध्ये कोणी केलेलाच नव्हता. मी टेस्ट बंद करायला लावल्या आणि एक दिवसाआड दुपारी दोनला तिला जेवणाच्या टेबलाशी जुनी प्रश्नपत्रिका आणि ओएमआरची, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची, झेरॉक्स देऊन बसवू लागले.

पहिल्या दुपारी थोड्याच वेळात तिच्या डोळ्यांवर झापड आली आणि मेच्या उकाड्यात घामेजलेल्या मनगटाला ओएमआरचा कागद चिकटून वर येऊ लागला. पुढे प्रश्नपत्रिका मनगटाखाली घेण्याची आणि सगळे गोल शेवटी भरण्याऐवजी एकेक पान झाले की भरण्याची सवय तिने लावून घेतली. दुपारच्या जेवणात वरणभातापलीकडे काही दिले नाही. सकाळचा वेळ एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील जीवशास्त्राला ठेवला, कारण 720 पैकी 360 गुण त्या एकाच विषयाचे आहेत. भौतिकशास्त्राची फक्त चुकांची वही पाहायची, नवे गणित घ्यायचे नाही, असे ठरले.

माझ्या थोरल्या दिरांना हे मुळीच पटले नाही. “क्लासची माणसं काय खुळी हाईत व्हय?” असे ते चारचौघांत म्हणाले. मुलीला एमबीबीएसला प्रवेश न मिळता आयुर्वेदाला मिळाला, तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात ते त्या न दिलेल्या टेस्टचा विषय काढतात. वास्तविक तिचे जीवशास्त्राचे गुण उत्तम होते. ती मागे पडली ती अकरावीपासून कच्च्या राहिलेल्या भौतिकशास्त्रामुळे. आठवडाभराच्या टेस्टने ते पक्के झाले असते असे मानणे, म्हणजे पेरणीच चुकलेल्या रानात कापणीच्या तोंडावर खत टाकण्यासारखे आहे.

ऋण गुणांची धास्तीही या टेस्टमुळेच वाढते. एखाद्या यादीत नाव खाली गेले, की मुले शंका असलेला प्रत्येक प्रश्न सोडू लागतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण जातो, तेव्हा चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडण्यात सरासरी दीड गुणाचा फायदाच आहे. हा साधा हिशेब वडिलांनाही दाखवा.

मात्र तुमचा पेपर वेळेत पुरा होत नसेल, किंवा घरात दुपारी सलग तीन तास शांतता मिळत नसेल, तर क्लासमध्ये जाऊनच पेपर सोडवा. फक्त यादी पाहायला थांबू नका. तसेच हे सगळे मी नीटपुरते लिहिले आहे. एमएचटी-सीईटी ही राज्याची अभियांत्रिकी, फार्मसी वगैरेंची प्रवेश परीक्षा संगणकावर होते, तिच्यात ऋण गुण नाहीत आणि सुमारे 80 टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, त्यामुळे तिथे शेवटपर्यंत पडद्यावर सराव परीक्षा देत राहण्यात अर्थ आहे. माझ्या दिरांच्या मुलाने तीच परीक्षा दिली होती आणि तिच्याच अनुभवावर ते मला नीटचा उपदेश करतात, हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिले आहे.