जुन्या पहाडी हॉटेलातील पहिला मुक्काम

स्कीइंग शिकण्यासाठी गुलमर्गला निघताना तुम्ही नव्या इमारतीऐवजी नेडूजसारख्या, १८८८ पासून चालत आलेल्या हॉटेलात राहण्याचा विचार करीत आहात, याचा मला मनापासून आनंद वाटला. मात्र आपल्या पन्हाळ्यावरच्या धुक्यातली थंडी गृहीत धरून सामान भरू नका. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तेथील रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जातात.

जुन्या लाकडी वास्तूंत ऊब बहुधा बुखारीची असते. ही पत्र्याची, लाकडे जाळण्याची शेगडी असून तिचा धूर नळीवाटे बाहेर जातो. खोली ताब्यात घेताच त्या नळीचे सांधे पाहून घ्या, खिडकीची फट उघडी ठेवा आणि निजण्यापूर्वी विस्तव पूर्ण विझू द्या, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. पहिल्या वर्षी मी ओले हातमोजे नळीला टेकवून ठेवले आणि सकाळी त्यांची बोटे करपून कडक झालेली आढळली; तेव्हापासून मी ते हातभर अंतरावर दोरीला अडकवतो.

गंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. कोल्हापूरहून गेलेल्या नवशिक्याने पहिला पूर्ण दिवस हॉटेलच्या आसपासच्या बर्फात चालण्यात घालवावा आणि शिक्षक होकार देईपर्यंत त्या टप्प्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे.

हिमवृष्टीनंतर श्रीनगर-गुलमर्ग रस्त्यावरील तनमर्ग गावापुढच्या घाटात चाकांना साखळ्या लावाव्या लागतात आणि वाहतूक खोळंबते, म्हणून परतीच्या विमानाआधीची एक रात्र श्रीनगरसाठी राखून ठेवा.