1969 च्या शेव्हेलमध्ये (शेवरलेची गाडी) बसवायला स्वस्त, जुनं बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराचं व्ही-8 इंजिन) कोणतं घ्यावं?

शेवरलेचं 454 (हा आकडा क्युबिक इंचांतला इंजिनाचा आकार) घ्या, तेही 1990 पर्यंतचं, मार्क-फोर पिढीचं. 396 किंवा 427 च्या नावाला जास्त पैसे पडतात. तेच 454 जुन्या पिकअप, सबर्बन किंवा मोटरहोममधून काढलेलं बरंच स्वस्त मिळतं. 1991 पासूनच्या ब्लॉकचं (इंजिनाचा मुख्य सांगाडा) मागचं मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) आणि हेड गॅस्केट वेगळं असतं, त्यामुळे जुने पार्ट्स सरळ बसत नाहीत.

पैसे देण्याआधी ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवरचा कास्टिंग नंबर ताडून पाहा. ट्रकसाठीचे 366 आणि 427 'टॉल-डेक' ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांचा डेक (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची) 10.2 इंच असतो, नेहमीचा 9.8. त्यावर साधा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा-इंधन नेणारा भाग) बसत नाही. तो सौदा सोडाच.

मग क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) हाताने पूर्ण फिरवा, ऑइल दुधाळ आहे का पाहा, व्हॉल्व्ह कव्हर काढून गाळ तपासा. बोअर (सिलिंडरचा व्यास) मुळात 4.250 इंच, आधीच 0.060 इंच मोठा केला असेल, तर पुढच्या रीबिल्डला जागा उरत नाही.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: 454 बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, म्हणजे क्रँकचा तोल साधणारं काही वजन क्रँकच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या भागांवर असतं. 396 चा हार्मोनिक बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाची चकती) किंवा फ्लेक्सप्लेट (मागच्या टोकाची, गिअरबॉक्सला जोडणारी चकती) लावली, तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंग खातं. दोन्ही 454 चेच हवेत, म्हणून ते इंजिनासोबतच मागून घ्या.

ट्रकच्या 'पीनट-पोर्ट' (लहान हवामार्गाच्या) हेडमुळे वरच्या आरपीएमला दम कमी पडतो. गावात फिरवायला ते चालतात. ताकद हवी असेल तर मोठ्या ओव्हल-पोर्ट हेडचा खर्च आधीच धरा. गाडीत स्मॉल-ब्लॉक असेल तर बिग-ब्लॉकचे फ्रेम माउंट (इंजिन चॅसीला धरणारे आधार) आणि मोठा रेडिएटरही लागेल.