नोंदी मोजाव्यात कुणी, संकेतस्थळाने की डेटाबेसने?

प्रश्न : माझ्या छोट्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागापुढे त्यातील लेखांची संख्या दाखवायची आहे. सध्या मी सगळ्या नोंदी पीएचपीमध्ये (संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत) आणून मोजतो. पान संथ उघडते. शिवाय क्रमांकानुसार लावलेली यादी १, १०, २ अशी येते. काय चुकते आहे?

उत्तर : मोजणी डेटाबेसवरच सोपवावी. डेटाबेसच्या ‘ग्रुप बाय’ (GROUP BY) या सूचनेने विभागवार गट पाडून ‘काउंट’ (COUNT) हे मोजणीचे फंक्शन वापरल्यास हजारो नोंदींऐवजी प्रत्येक विभागाची एकच ओळ आपल्यापर्यंत येते. मात्र ज्या विभागात अद्याप एकही लेख नाही, तो या यादीतून गळतो. तो दिसावा म्हणून विभागांचे कोष्टक आधी घेऊन त्याला लेखांचे कोष्टक ‘लेफ्ट जॉइन’ने (जुळणी नसली तरी पहिल्या कोष्टकाच्या सर्व ओळी राखणाऱ्या जोडणीने) जोडावे लागते, आणि तेव्हा तारांकित ‘काउंट’, म्हणजे सर्व ओळी मोजणारा COUNT(*), टाळून लेखाच्या ओळख-क्रमांकाचा स्तंभ मोजावा. कारण तारांकित ‘काउंट’ रिकाम्या जोडीचीही ओळ धरतो आणि शून्याऐवजी १ दाखवतो, तर स्तंभाचा ‘काउंट’ ‘नल’ (रिकामी) मूल्ये वगळतो. (ही चूक सहसा उशिरा लक्षात येते, कारण १ हा आकडा खोटा वाटत नाही.)

क्रमाचा घोळ स्तंभाच्या प्रकारामुळे होतो. तो स्तंभ मजकूर म्हणून ठेवलेला असल्याने अक्षरे डावीकडून ताडली जातात. प्रकार पूर्णांक करावा.

याद्या पानांत विभागताना ‘ऑर्डर बाय’ या क्रम लावणाऱ्या सूचनेमध्ये तारखेनंतर ओळख-क्रमांकही द्यावा, अन्यथा एकाच तारखेच्या लेखांपैकी एखादा दोन्ही पानांवर दिसू शकतो किंवा मधूनच गायब होऊ शकतो.