डासांची मोजदाद आणि त्यांचे आयुष्य

प्रश्न : हिवताप नियंत्रणासाठी एखाद्या गावातील डासांची संख्या कशी ठरवतात? त्यांच्या आयुष्याचाही अभ्यास का करतात?

उत्तर : पकडलेल्या डासांवर चमकणारी रंगीत पूड उडवून त्यांना सोडून देतात आणि पुढे सापळ्यांत आलेल्यांपैकी कितींवर ती पूड आहे, हे अतिनील प्रकाशात तपासतात. समजा, १,००० डास सोडले आणि नंतर पकडलेल्या ५०० मध्ये खुणेचे १० निघाले, तर गावात सुमारे ५०,००० डास असावेत. अर्थात मधल्या काळात काही मरतात, काही दूर उडून जातात, म्हणून हा आकडा दुरुस्त करूनच वापरावा लागतो.

आयुष्य ठरवण्यासाठी मादीचे अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिने एकदाही अंडी घातली नसतील, तर तेथील बारीक श्वासनलिकांची टोके गुंडाळलेली दिसतात. घातली असतील, तर ती उलगडलेली असतात. ही पद्धत किचकट, पण फार देखणी आहे. अंडी घातलेल्या माद्यांच्या प्रमाणावरून रोज किती माद्या जगतात याचा अंदाज बांधता येतो.

हिवतापाचा परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोहोचायला साधारण १० दिवस किंवा अधिक लागतात, म्हणजे तेवढे दिवस जगलेली मादीच हिवताप पसरवू शकते. रोज ९० टक्के माद्या जगत असतील, तर १० दिवसांनी सुमारे ३५ टक्के उरतात. ८० टक्के जगत असतील, तर जेमतेम ११. म्हणूनच ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात प्रौढ माद्यांचे आयुष्य घटवण्यावर भर दिला, आणि घराच्या भिंतींवरील फवारणी नेमके तेच काम करते.