अलिबाग ते गोवा सायकलने सात दिवसांत जमेल का? गटाची आखणी कशी करावी?

आपण विचारले आहे की ठाणे-डोंबिवलीकडचे आपण आठ जण, त्यांत तीन स्त्रिया, डिसेंबरमध्ये सात दिवसांची रजा काढून अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जाऊ इच्छिता. आपल्यापैकी कोणीही याआधी दोन दिवसांहून लांबची सहल केलेली नाही. आणि नकाशावर रोज ऐंशी किलोमीटर धरले तर हिशेब बसतो, तेव्हा तो प्रत्यक्षातही बसेल का. मी या वाटेने तीन वेळा गेलो आहे, त्यांपैकी दोनदा गटाची जबाबदारी माझ्यावर होती. त्या अनुभवावरून सांगतो की आठ जणांच्या नवख्या गटाने सात दिवसांत गोवा गाठण्याचा हट्ट धरू नये. सात दिवसच असतील तर रत्नागिरीपर्यंत जावे आणि तेथून कोकण रेल्वेने परतावे. गोव्यालाच जायचे असेल तर दहा दिवसांची रजा काढावी.

याचे कारण कोकणच्या भूगोलात आहे. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, अशी समजूत घेऊन बहुतेक जण निघतात. प्रत्यक्षात सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खोल खाडी करून बसलेली आहे आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच सडा, म्हणजे उघडे पठार, आहे. त्यामुळे रस्ता गावाच्या नारळी-पोफळींच्या वाडीतून निघतो, एकदम चढून सड्यावर येतो, तेथे सावलीशिवाय काही अंतर धावतो आणि पुन्हा पुढच्या खाडीपर्यंत खाली कोसळतो. हे चढ घाटासारखे लांब नसतात, पण तीव्र असतात आणि दिवसातून पाच-सहा वेळा येतात. म्हणून दिवसाचा टप्पा ठरवताना किलोमीटरच्या आधी त्या दिवशी किती खाड्या ओलांडायच्या, त्यांपैकी कितींवर पूल आहे आणि कितींवर फेरीबोट, हे मोजावे. मी नवख्या गटासाठी दिवसाला पन्नास ते साठ किलोमीटरच धरतो. फक्त पहिला टप्पा तेवढा थोडा मोठा घेतो.

मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रो बोटीने, म्हणजे वाहने चढवता येणाऱ्या बोटीने, सायकलींसह अलिबागजवळच्या मांडव्याला उतरावे, म्हणजे महामार्ग टळतो. मुंबई-गोवा महामार्गावर गटाने सायकल चालवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. तेथील अवजड वाहतुकीत आठ सायकली एकत्र राहूच शकत नाहीत. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि मुरूड हा पहिला दिवस साधारण सत्तर किलोमीटरचा होतो, पण रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल असल्यामुळे बोटीची वाट पाहावी लागत नाही आणि चढही पुढच्या मानाने सौम्य आहेत. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून बोटीने दिघी, तेथून दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन आणि मुक्कामाला हरिहरेश्वर. दिवेआगर ते श्रीवर्धन हा तुकडा माझ्या मते संपूर्ण वाटेतला सर्वांत सुंदर आहे, कारण तेथे रस्ता खरोखर समुद्राला चिकटून जातो. म्हणून त्या दिवशी टप्पा लहान ठेवून तेथे वेळ द्यावा. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील वाड्यांचे अतोनात नुकसान केले. ज्यांनी त्याआधीची दाट सावली पाहिली आहे त्यांना तो फरक आजही बोचतो. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की दुपारच्या सावलीवर विसंबून राहू नये.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचे आणि वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै करत कर्दे किंवा मुरूडला पोहोचायचे. हे दापोली तालुक्यातले मुरूड. पहिल्या मुक्कामाचे मुरूड रायगड जिल्ह्यातले. खोली आरक्षित करताना या दोन नावांची गल्लत झालेली मी स्वतः पाहिली आहे, तेव्हा फोनवर तालुका आवर्जून सांगावा. अंतर पन्नासच्या आसपास असले तरी हा दिवस पायांची परीक्षा पाहणारा आहे. चौथ्या दिवशी दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे आणि गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड आणि मालगुंडावरून गणपतीपुळे. सहाव्या दिवशी आरे-वारे मार्गे रत्नागिरी, म्हणजे अवघे पंचवीस-एक किलोमीटर. सातवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. कोणाला ताप आला, सायकल मोडली किंवा बोट चुकली तर हाच दिवस कामी येतो, आणि यांपैकी काहीच झाले नाही तर पावस-पूर्णगडपर्यंत जाऊन येता येते.

बोटींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी पहिली सहल तेथेच बिघडली होती. कोकणात या बोटींना जंगलजेटी म्हणतात. त्यांवर माणसे, दुचाक्या, मोटारी आणि टेम्पो असे सगळे चढते आणि सायकलीला सहसा कोणी अडवत नाही. वेळापत्रक मात्र हंगामाप्रमाणे बदलते. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचलो की घरमालकांनाच दुसऱ्या दिवशीच्या बोटीची वेळ विचारावी आणि शक्य तर धक्क्यावर फोन करून खात्री करून घ्यावी. पहिल्या वेळी मी गुहागर ते रत्नागिरी हा टप्पा एकाच दिवसात आखला होता. तवसाळला आमची बोट चुकली, पुढच्या बोटीची वाट पाहण्यात वेळ गेला, जयगडचा धक्का सोडल्यावर लगेच लागणाऱ्या चढावर गट फुटला आणि आरे-वारेची दोन मोठी टेकाडे आम्ही काळोखात, तीन दिव्यांवर सात सायकली, अशा अवस्थेत पार केली. एका सहकाऱ्याचा गुडघा सकाळपासून दुखत होता, पण सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून त्याने सांगितले नव्हते. ती चूक त्याची नव्हती. बोलायला वावच राहू नये असा टप्पा मी आखला होता. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी चारला मुक्कामावर पोहोचू असाच हिशेब धरावा आणि निघायची वेळ उजाडताच, साडेसहा-पावणेसातची ठेवावी.

तारीख निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा पूर्णपणे टाळावा, कारण त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, धक्क्यांवर मोटारींच्या रांगा लागतात आणि अरुंद रस्त्यांवर वाहने अंगावर येतात. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा उत्तम. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. किनाऱ्यावरचे लोक तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, तर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे भरती. हा ढोबळ हिशेब आहे, पण आपल्याला पुरेसा आहे. सहल पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास ठेवली तर सकाळी ओहोटी असते आणि दिवेआगर किंवा गुहागरसारख्या लांब पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल चालवण्याचा आनंद घेता येतो. तो घेतल्यावर मात्र त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्यावे. खारे पाणी एका रात्रीत चेनवर गंज चढवते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, जो बहुतेक वेळा वायव्येचा असतो. म्हणजे थकलेल्या पायांना दुपारी तो पाठीमागून हातभार लावतो. उलट दिशेने आलेल्या मित्रांनी सड्यावर तोच वारा छातीवर घेतला आहे.

गट सांभाळण्याचे माझे नियम थोडे आहेत, पण मी त्यांत सूट देत नाही. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला आणि सर्वांत मागे दुरुस्ती येणारा माणूस असावा, आणि मागच्याच्या मागे कोणीही राहू नये. जेथे रस्ता फुटतो तेथे पुढच्याने थांबावे आणि आपल्या मागचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर मोबाइलची रेंज जाते आणि चुकलेल्याला फोन लागत नाही, म्हणून हा नियम जीव लावून पाळावा. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा धरावा आणि ही गोष्ट निघण्याआधीच सर्वांसमोर बोलून घ्यावी, म्हणजे त्या व्यक्तीला वाटेत संकोच वाटत नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे बसून प्रत्येकाने दुखणे-खुपणे सांगावे. सामाईक खर्चाची रक्कम आधीच गोळा करून एकाकडे द्यावी आणि रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

सामानासाठी गाडी सोबत घ्यावी का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण आठ जणांत तो निघेलच. नवख्या गटाने घ्यावी असे माझे मत आहे. मात्र शनिवार-रविवारी बोटीवर सायकली सहज चढतात आणि गाडी रांगेत मागे राहते, म्हणून पाणी, खाणे, औषधे, पंप आणि दुरुस्तीचे सामान सायकलींवरच असावे. तालुक्याच्या गावात साध्या सायकलीच्या ट्यूब मिळतात, पण गिअरच्या सायकलींच्या, विशेषतः प्रेस्टा व्हॉल्व्हच्या, म्हणजे बारीक, लांब तोंडाच्या ट्यूब मिळतीलच असे नाही. प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब घ्याव्यात आणि गटात मिळून ब्रेक पॅड, चेनची कडी जोडण्याचे हत्यार व मागचा गिअर ज्यावर बसतो तो गिअर हँगर असावा. निघण्यापूर्वी ब्रेक नीट तपासून घ्यावेत, कारण खाडीकडे उतरणारे रस्ते वळणावळणांचे आहेत आणि त्यांवर सुटी खडी असते. माझ्या गटातील दोन्ही पडझडी उतारावरच झाल्या, चढावर एकही नाही.

मुक्कामासाठी घरगुती निवास सर्वांत बरे. तेथे माणसे मोजून स्वयंपाक होतो, म्हणून संख्या, शाकाहारी किती आणि मांसाहारी किती, हे आदल्या दिवशी कळवावे. न कळवता रात्री आठला पोहोचलेल्या आठ भुकेल्या माणसांना कोणतीही गृहिणी आनंदाने वाढू शकणार नाही. सकाळी पोहे किंवा घावणे खाऊन निघावे, दुपारचे जेवण हलके ठेवावे आणि दिवसभर मीठ घातलेले कोकम सरबत घेत राहावे. सड्यावर मैलोन्‌मैल दुकान नसते, तेव्हा माणशी किमान दोन लिटर पाणी बरोबर हवे. स्वच्छतागृहांचा विचारही आखणीतच करावा. सड्यावर आडोसासुद्धा नसतो आणि त्याचा त्रास स्त्रियांना अधिक होतो. बोलता न आल्यामुळे पाणीच कमी पिणे आणि मग दुपारी चक्कर येणे, हे मी एका सहलीत पाहिले आहे. त्यानंतर प्रत्येक टप्प्यातील एसटी स्थानक, पेट्रोल पंप आणि ओळखीची घरे मी आधीच नोंदवून ठेवतो. श्रीवर्धन आणि दापोलीला उपजिल्हा रुग्णालय, गुहागरला ग्रामीण रुग्णालय आणि रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. एखाद्याला मध्येच परतावे लागले तर दापोलीहून खेड आणि गुहागरहून चिपळूण ही रेल्वे स्थानके गाडीने गाठता येतात.

परतीच्या वेळी रत्नागिरी स्थानकावर सायकली पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून पाठवता येतात. गाडी सुटण्याच्या दोन-तीन तास आधी पोहोचावे, पेडल काढून हँडल आडवे करावे, नाव आणि स्थानक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक सायकलीला बांधावी आणि गाडी जेथे पुरेसा वेळ थांबते असेच उतरायचे स्थानक निवडावे. सर्व सायकली त्याच गाडीने येतील अशी खात्री नसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या उतरवून घेण्यासाठी एकाने तयार राहावे.

आता सरावाविषयी. आपल्याकडे दोन महिने आहेत आणि ठाण्याला येऊरचा चढ घराजवळ आहे. दर रविवारी पूर्ण सामान लादून तो चढ लागोपाठ तीन-चार वेळा चढावा आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी सर्व आठ जणांनी मांडवा ते मुरूड जाऊन दुसऱ्या दिवशी परत यावे. दुसऱ्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसताना कोणाला काय वाटते ते पाहावे; त्यावरून आपला रोजचा टप्पा पन्नासचा ठेवायचा की साठचा, ते ठरवून मगच खोल्यांचे पैसे भरावेत.