वाचकांचे प्रश्न : व्हिनाइल पट्ट्यांची जमीन घरीच बसवताना

प्रश्न : आमची खोली १२ फूट लांब आणि ९ फूट ७ इंच रुंद आहे. खाली जुनी सिरॅमिक टाइल आहे. तिच्यावरच क्लिकच्या (कडेच्या खाचा एकमेकींत अडकून ‘लॉक’ होणाऱ्या) व्हिनाइल पट्ट्या आम्ही दोघं नवरा-बायको बसवणार आहोत. दुकानदार सात खोकी घ्या म्हणतो. नक्की किती लागतील? सुरुवात कुठून करायची?
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : सात नकोत. खोक्यावरचं पट्टीचं माप आणि खोक्यातली संख्या आधी वाचा. नेहमी मिळणारी पट्टी साधारण १२२० × १८० मिमीची असते, म्हणजे २.३६ चौरस फूट. तुमची खोली ११५ चौरस फूट. दहा टक्के तूट धरली तर १२६ ते १२७, म्हणजे ५४ पट्ट्या. खोक्यात १० पट्ट्या असतील तर सहा खोकी भरपूर झाली. उरलेल्या पट्ट्या परत करू नका, माळ्यावर आडव्या ठेवा. पुढे एखादी बदलायची वेळ आली तर त्याच छटेचा माल मिळेलच असं नाही.

आता ओळी मोजा. पट्ट्या १२ फुटांच्या दिशेने टाका. चारही भिंतींशी ८ मिमी फट सोडायची. रुंदी २९२१ मिमी, त्यातून दोन्हीकडची फट वजा जाता २९०५ उरतात. १८० च्या १६ ओळी म्हणजे २८८०. म्हणजे शेवटच्या ओळीला उरली फक्त २५ मिमीची चिंधी! ती धड लॉकही होत नाही आणि डोळ्यालाही खुपते. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ १०२ मिमीच्या आसपास कापा, मध्ये १५ अख्ख्या ओळी येतील. पहिल्या ओळीत लॉकची भिंतीकडची कड कापायची, खोलीकडची नाही.

लांबीत तुमचं नशीब चांगलं आहे. १२ फुटांतून फट वजा करून ३६४२ मिमी राहतात, म्हणजे तीन पट्ट्यांना जेमतेम १८ मिमी कमी. डाव्या कोपऱ्यातून सुरू करा. एका ओळीत १२२०, १२२० आणि १२०२. दुसऱ्या प्रकारच्या ओळीत एक पट्टी कापून तिचा उजवा ८१३ चा तुकडा सुरुवातीला लावा, मग दोन अख्ख्या, आणि शेवटी त्याच पट्टीचा डावा तुकडा ३८९ ला कापून. तिसऱ्या प्रकारात सुरुवात ४०७ ने आणि शेवट ७९५ ने. दर ओळीला तीनच पट्ट्या लागतात, १७ ओळींना ५१. शेजारच्या ओळींचे सांधे ४० सेंटिमीटरने सरकलेले राहतात. ३० पेक्षा कमी कधी येऊ देऊ नका. तिन्ही प्रकार क्रम मोडून वापरा, नाहीतर सांध्यांचा जिना दिसतो. उजवा-डावा तुकडा मात्र अदलाबदल करू नका, कारण टोकाचं लॉक दोन्हीकडे सारखं नसतं.

हे सगळं नंतर. त्याआधीचा पूर्ण दिवस खालच्या टाइलला द्या, कारण लॉक तुटतात ते बहुतेक वेळा खालच्या खड्ड्यामुळे. गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियम पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर तिथे खडूने खूण करा. उंचवटा ग्राइंडरने घासा. खड्डा जमिनीसाठीच्या सिमेंटच्या लेव्हलिंग कंपाउंडने भरा. वॉल पुट्टी किंवा पीओपी नको, पायाखाली त्याची भुकटी होते. नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून ऐका. पोकळ वाजणारी आणि हलणारी टाइल काढून पुन्हा बसवा. रुंद आणि खोल सांधे भरून घ्या, नाहीतर ते वरून उमटतात.

पट्ट्या त्याच खोलीत ४८ तास आडव्या ठेवा. कापताना कटरने वरच्या बाजूला दोन-तीनदा जोर देऊन रेघ ओढायची आणि वाकवून मोडायची. लांबीच्या कापाला जिगसॉ बरी; चष्मा आणि मास्क लावाच. ठोकताना हातोडी थेट पट्टीवर कधीच नाही. मध्ये ठोकळा धरा, नाहीतर लॉकची कड चेपते आणि तो सांधा आयुष्यभर उघडा राहतो. दार अडतंय का तेही आधी पाहा: पट्टीचा तुकडा दाराखाली सरकवा, अडला तर सुताराकडून दार घासून घ्या.

प्रश्न : गावभागात तळमजल्याचं जुनं घर आहे, शहाबादी फरशी. पावसाळ्यात ओल येते. २०१९ ला पाणी घरात होतं. पट्ट्या ‘वॉटरप्रूफ’ आहेत म्हणतात, मग बसवू का?
— सांगली

उत्तर : वॉटरप्रूफ पट्टी आहे, तिच्याखालची जागा नाही. एसपीसी म्हणजे क्लिकची कडक व्हिनाइल पट्टी चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीची असते, ती पाण्याने फुगत नाही हे खरं. पण जमिनीतून येणारी ओल तिच्याखाली अडकते आणि कुबट वास सुटतो.

आधी परीक्षा घ्या. दोन फूट चौरस जाड प्लॅस्टिक शहाबादीच्या सांध्यावर येईल असं पसरा, चारही कडा टेपने बंद करा आणि एक दिवस-रात्र ठेवा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब आले किंवा फरशी काळपट झाली तर ओल जमिनीची. वरच्या बाजूला आले तर ती हवेतली. ही परीक्षा मे महिन्यात करून समाधान मानू नका. काळी माती उन्हाळ्यात सुकलेली असते. ऑगस्टमध्ये पुन्हा करा. भिंतीच्या पायथ्याला लोणा दिसत असेल तर परीक्षेचीही गरज नाही, आधी ओलीचा बंदोबस्त.

पुराचं म्हणाल तर २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि २०२१ लाही पूर आला. घरात गाळ शिरला की तो पट्ट्यांखाली जातोच; सगळी जमीन उचलून, धुऊन, वाळवून पुन्हा टाकावी लागते. क्लिकची जमीन उचलता येते, चिकटवलेली नाही. तरीही अशा तळमजल्याला शहाबादी ठेवणंच आम्हाला पटतं. हौस असेल तर वरच्या मजल्यावर बसवा.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्हीच बसवलेली जमीन एप्रिलमध्ये खिडकीजवळ तंबूसारखी उचलली गेली. पाय दिला की दबते. पट्टीला फोम चिकटवलेला होता, तरी आम्ही मऊ वाटावं म्हणून खाली आणखी एक फोम टाकला होता.
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : दोन चुका एकत्र आल्या आहेत. उन्हाने पट्ट्या वाढल्या आणि त्यांना सरकायला जागा मिळाली नाही. स्कर्टिंग काढून चारही बाजू तपासा, विशेषतः दाराची चौकट. तिथे फट सोडायची बहुतेकजण विसरतात. जिथे पट्टी भिंतीला टेकली असेल तिथे कापून ८ मिमी जागा करा. जमिनीतून स्क्रू मारून कपाट किंवा दाराचा स्टॉपर पक्का केला असेल तर तोही सोडवा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जमीन आपोआप बसते. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा.

दुसरा फोम मात्र काढावाच लागेल. खाली जास्त मऊपणा असला की प्रत्येक पावलागणिक लॉक वाकतं आणि शेवटी तुटतं. पट्ट्यांच्या मागे पेन्सिलने ओळ आणि क्रमांक लिहीत उचला, म्हणजे त्याच जागी परत बसतील. तुटक्या लॉकच्या पट्ट्या शिल्लक मालातून बदला. आणि दाराशी रबरी तळाचं पायपुसणं असेल तर तेही हलवा. रबराने व्हिनाइलवर पिवळा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही.